वाचकांचे प्रश्न : देवराईतल्या किड्यांची गणती

कोकणातल्या देवराया, देवरहाट्या आणि त्यांतल्या कीटकांविषयी बरीच पत्रे आली. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : गावाच्या हद्दीत दोन देवराया आहेत, एक साधारण ३ एकरांची आणि दुसरी १२ एकरांची. विद्यार्थ्यांना घेऊन दोन्हींतल्या जमिनीवरच्या कीटकांची तुलना करायची आहे. लहान राईत ५ आणि मोठीत २० सापळे पुरतील का? (प्राध्यापिका, राजापूर तालुका)

सापळे, म्हणजे किडे आत पडावेत म्हणून जमिनीत पुरलेले ग्लास, पुरतील, पण तुलना होणार नाही. २० सापळ्यांत ५ सापळ्यांपेक्षा जास्त जाती सापडणारच. त्या राईच्या आकारामुळे सापडल्या की सापळ्यांच्या संख्येमुळे, हे मग कोणालाच सांगता येत नाही. दोन्हीकडे १०-१० लावा, एकाच दिवशी लावा आणि एकाच दिवशी उचला. एका राईत पाऊस झाल्यावर आणि दुसरीत उघडीप असताना सापळे लावले, तरीही हिशेब बिघडतो.

सापळ्यांआधी कागदावर एक गणित करून पाहा. ३ एकर म्हणजे सुमारे १२,१४० चौरस मीटर. राई चौकोनी धरली तर बाजू ११० मीटरची. कडेने आत येणारे ऊन, वारा आणि कोरडेपणा ३० मीटरपर्यंत पोचतो असे धरले, तर मध्ये उरतो ५० मीटर बाजूचा तुकडा, म्हणजे २,५०० चौरस मीटर. १२ एकरांच्या राईची बाजू २२० मीटर, आणि आतला गाभा १६० मीटर बाजूचा, म्हणजे २५,६०० चौरस मीटर. क्षेत्र चौपट, गाभा मात्र दहापट. लांबट किंवा पऱ्ह्याच्या (ओढ्याच्या) कडेने पसरलेली राई असेल तर गाभा याहून कमी भरतो, मधून रस्ता गेला असेल तर आणखीच कमी. म्हणून प्रत्येक राईतले ५ सापळे कडेपासून १० मीटरच्या आत आणि ५ गाभ्यात लावा, आणि दोन्हींच्या नोंदी शेवटपर्यंत वेगळ्या ठेवा. खरा फरक बहुधा कड आणि गाभा यांत दिसेल. दोन राया पाहून ‘मोठी राई चांगली’ असा निष्कर्ष मात्र काढू नका. तेवढे म्हणायला लहान आणि मोठ्या मिळून आठ-दहा राया तरी हव्यात.

सापळ्यासाठी २५० ते ३०० मिलिलिटरचे, ७-८ सेंटिमीटर तोंडाचे प्लॅस्टिकचे ग्लास घ्या आणि एकात एक असे दोन बसवा. पुढे आतलाच उचलायचा, म्हणजे खड्डा ढासळत नाही. काठ मातीच्या पातळीला किंवा केसभर खाली असावा. काठ वर राहिला की मुंग्या वळसा घालून जातात आणि नोंदवहीत ‘मुंग्या नाहीत’ असे लागते. जांभ्यात पहारीने खड्डे फोडत बसू नका, माती साचलेली जागा शोधा. ग्लासात एक तृतीयांश द्रावण भरा. लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम मीठ आणि वास नसलेल्या भांड्यांच्या साबणाचे दोन-तीन थेंब घातले की झाले. साबणाने पाण्याचा पृष्ठताण मोडतो, नाहीतर हलका किडा तरंगत काठावर येतो आणि निघून जातो. वर दोन-तीन सेंटिमीटर उंचीवर तीन काड्यांच्या आधाराने कौल किंवा पोफळीच्या विरीचा (झावळीच्या बुडाच्या रुंद आवरणाचा) तुकडा ठेवा. तोंडावर दीड सेंटिमीटर भोकांची जाळी हवीच, नाहीतर बेडूक आणि सापसुरळ्या बुडून मरतील.

दोन सापळ्यांत किमान १० मीटर अंतर ठेवा. शेणाचे आमिष लावून शेणकिडे पकडायचे असतील तर ५० मीटर, कारण वास लांब जातो आणि दोन सापळे एकमेकांचे किडे पळवतात. ग्लास पुरल्या दिवशी लगेच उघडू नका. ताज्या उकरलेल्या मातीकडे मुंग्या आणि भुंगे मुद्दाम येतात. झाकण लावून चार-पाच दिवस तसेच राहू द्या, मग ४८ तास उघडे ठेवा. काम संपल्यावर प्रत्येक ग्लास मोजून उचला. विसरलेला ग्लास पुढचे कित्येक महिने किडे मारत राहतो. हे सगळे सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर या काळात बसवा. भर पावसात ग्लास तासाभरात भरून वाहतात.

खणण्याला गावाची हरकत असू शकते. गावकर, मानकरी आणि गुरव यांच्याशी आधी बोला, देवापुढे गाऱ्हाणे घालायला सांगितले तर घाला. अनेक रायांत चपला चालत नाहीत, कुठे पालासुद्धा बाहेर न्यायचा नसतो. खणायला नकार मिळाला तर पाचोळा चाळा. एक चौरस मीटरची चौकट टाकून त्यातला पाला एक सेंटिमीटर भोकांच्या चाळणीतून पांढऱ्या कापडावर चाळायचा, असे दर राईत १० ठिकाणी. पाला नेण्याची मुभा असेल तर चाळलेला चुरा पत्र्याच्या नरसाळ्यातल्या जाळीवर पसरा, वर ४० वॅटचा साधा दिवा आणि खाली अल्कोहोलची बाटली ठेवा, दोन ते तीन दिवस. उष्णतेपासून पळणारे किडे खाली बाटलीत पडतात. दिवा फार जवळ आला किंवा जास्त वॅटचा असला तर ते खाली पोचण्याआधीच वाळून मरतात. मुंग्यांच्या अभ्यासाला ही पद्धत आम्हाला ग्लासांपेक्षाही बरी वाटते.

प्रश्न : आमच्या यादीत भुंग्यांच्या ६२ जाती झाल्या. आता थांबावे का? (विद्यार्थी गट, चिपळूण)

६२ या आकड्यावरून काहीच कळत नाही. त्यांतल्या किती जातींचा एकच किडा सापडला आणि किती जातींचे दोनच, हे मोजा. समजा एकेकटे सापडलेल्या १८ जाती आहेत आणि दोन-दोन सापडलेल्या ९. १८ चा वर्ग ३२४. त्याला ९ च्या दुपटीने, म्हणजे १८ ने भागले की उत्तर येते १८. ते ६२ मध्ये मिळवले की ८०. राईत किमान ८० जाती असाव्यात, असा हा अंदाज आहे. ‘किमान’ हा शब्द अहवालातून गाळू नका. एकेकट्या जाती इतक्या असतील तर काम अर्धवट आहे, आणखी दोन फेऱ्या करा. एकेकट्या जाती तीन-चारवर आल्या की थांबायला हरकत नाही.

पण आधी ओळख तपासा. एकेकट्या जातींचा ढीग पुष्कळदा ओळखीच्या चुकांनी वाढतो. कित्येक शेणकिड्यांत नराला शिंग असते आणि मादीला नसते. ती दोन वेगळ्या जाती म्हणून लिहिली जातात. फुलपाखरांतही तेच घडते. कॉमन इव्हनिंग ब्राऊनचे पावसाळी रूप डोळ्यांसारख्या ठिपक्यांचे असते, तर कोरड्या ऋतूतले हुबेहूब वाळल्या पानासारखे. नाव माहीत नसेल तर ‘भुंगा क्र. १४’ असे लिहा आणि नमुना किंवा फोटो जपा. खात्री नसताना दिलेले लॅटिन नाव यादीत गेले की पुढची वीस वर्षे ते कोणी काढत नाही.

प्रश्न : देवराईच्या कडेला हिवाळ्यात शेकडो फुलपाखरे असतात. म्हणजे राई चांगल्या स्थितीत आहे, असे म्हणता येईल? (गुहागर तालुका)

कडेला रानमोडी फुललेली आहे का, ते पाहा. नोव्हेंबरपासून ती फुलते आणि ब्लू टायगर, कॉमन क्रो यांसारखी फुलपाखरे तिच्यावर झुंबड करतात. नुसत्या मधासाठी नव्हे. तिच्यात अशी अल्कलॉइडे आहेत, की ती घेऊन नर मादीला आकर्षित करणारा गंध तयार करतात. म्हणजे ही गर्दी तणाची आहे, राईची नव्हे.

राईची परीक्षा सुरवंटांवर होते. ब्लू मॉरमॉन (२०१५ पासून हे महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू आहे) माकडलिंबू आणि लिंबूवर्गातल्या इतर झाडांवर अंडी घालते. सदर्न बर्डविंगला सापसंदासारख्या वेली लागतात. ही झाडे आत आहेत का, त्यांवर अंडी, कोष, कुरतडलेली पाने दिसतात का, हे नोंदवा. मोजणी करायची तर ३०० मीटरची ठरावीक वाट आखा आणि सकाळी ९ ते ११ मध्ये संथ चाला. दोन्ही बाजूंना अडीच मीटर आणि समोर पाच मीटर एवढ्यातच जे दिसेल ते लिहा. लांबचे सुंदर फुलपाखरू खुणावत असले तरी सोडून द्या. निम्मी वाट कडेने आणि निम्मी आतून असावी.

आतल्या सावलीत राहणारी बरीच फुलपाखरे फुलांवर येतच नाहीत, त्यांना आंबलेली फळे आवडतात. एप्रिल-मेमध्ये काजूचे बोंडू यासाठी फुकट मिळतात. इतर वेळी पिकली केळी कुस्करून गूळ मिसळा आणि दोन दिवस झाकून आंबवा. ताटली झाडाला टांगा आणि बुंध्याला काही चिकट लावा, नाहीतर मुंग्या आधी पोचतील. त्यात ओंबील (झाडावरच्या लाल चावऱ्या मुंग्या) आली तर ताटली त्यांचीच समजा, फुलपाखरू जवळ येत नाही.

प्रश्न : ‘निसर्ग’ चक्रीवादळात राईतली मोठी झाडे पडली, ती अजून तशीच कुजत आहेत. त्यांतून गेंडा भुंगा वाढून माडांवर येईल म्हणून ती काढावीत, असे काही जणांचे म्हणणे आहे. (श्रीवर्धन तालुका)

३ जून २०२० ला पडलेली ती झाडे किंजळ, ऐन, बेहडा यांची असतील तर हात लावू नका. गेंडा भुंग्याची आवडती जागा म्हणजे कुजलेला माड किंवा पोफळ आणि शेणखताचा खड्डा. वाडीत पडलेल्या माडांची खोडे उचलून, चिरून वाळवणे किंवा जाळणे गरजेचेच आहे. त्याच खोडांत सोंड्या भुंग्याचीही सोय होते. खतखड्डा दर दोन-तीन महिन्यांनी उलथा आणि पांढऱ्या, वाकड्या अळ्या वेचून मारा. मेटारायझियम बुरशीची भुकटी खतात मिसळली तर अळ्या रोगाने मरतात, मात्र खतात ओल हवी. कोरड्या खड्ड्यात ती बुरशी काही करत नाही. माडावर नव्या झावळ्या कात्रीने त्रिकोणी कापल्यासारख्या उघडत असतील, तर भुंगा आला आहे. सुईच्या (शेंड्यातल्या न उघडलेल्या झावळीच्या) बेचक्यातून तारेच्या आकड्याने तो बाहेर काढा.

राईतल्या कठीण लाकडाची वस्ती वेगळी असते. लांब मिशांचे भुंगे, सांबरशिंगी भुंगे आणि त्यांच्या अळ्यांवर जगणाऱ्या गांधीलमाश्या. यांतल्या काहींची अळी लाकडात वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ राहते. खोड उचलले की सगळी पिढी जाते. पायवाट अडली असेल तर तेवढाच भाग कापा आणि कापलेला ओंडका राईतच बाजूला ठेवा. अशा खोडातली गेंडा भुंग्यासारखी दिसणारी प्रत्येक अळी त्याची नसते. शंका असल्यास दोन-तीन अळ्या अल्कोहोलमध्ये ठेवून दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाला दाखवा.

देवळाभोवती पाचोळा झाडून जाळण्याच्या प्रथेविषयी अनेकांनी लिहिले आहे. अंगणापुरता झाडा, बाकी राहू द्या. काजव्याची अळी त्याच पाचोळ्यात राहते आणि गोगलगायी खाते.

प्रश्न : परवानगी कोणाची घ्यायची? आणि जंगलात गोचिडांची भीती कितपत खरी? (दोडामार्ग)

आधी सातबारा काढा. राई वनखात्याच्या, महसूल खात्याच्या, देवस्थानच्या किंवा खासगी नावावर असू शकते. सिंधुदुर्गातली काही देवस्थाने पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे आहेत. वनजमीन असेल तर उपवनसंरक्षकांचे लेखी पत्र लागते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत काही कीटकही आहेत. ही अनुसूची २०२२ च्या दुरुस्तीने बदलली आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तेव्हा जुन्या पुस्तकातली यादी वापरू नका. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला सुरुवातीलाच कळवा आणि तुमची यादी गावाच्या लोकजैवविविधता नोंदवहीत चढवा. अशा नोंदींचा उपयोग होतो. तुमच्याच तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथली भालांडेश्वराची राई, म्हणजे रानजायफळांची दलदल, २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ झाली. ती अडीच हेक्टरांच्या आसपास आहे. राई लहान आहे म्हणून कोणी विचारणार नाही, असे समजायचे कारण नाही.

गोचिडांची भीती खरी आहे. दोडामार्ग भागात २०१६ पासून गोचिडांमुळे होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत आणि धोका मुख्यतः डिसेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत असतो. पँट मोज्यांत खोचा, डीट (किडे दूर ठेवणारे रसायन) असलेले मलम लावा, पाचोळ्यावर बसू नका. परतल्यावर कपडे गरम पाण्यात टाका आणि काखा, जांघा, कानामागे तपासा. चप्पल न चालणाऱ्या राईत या महिन्यांत शिरूच नये. मेलेले माकड दिसले तर जवळ जाऊ नका, प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. जंगलातून आल्यावर आठवडाभरात सणकून ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचे आपणहून सांगा.

प्रश्न : राईला लागून हापूसची बाग आहे. मोहरावरची फवारणी राईतल्या किड्यांपर्यंत जाते का? (देवगड)

जाते. आंब्याच्या मोहराचे परागीभवन मुख्यतः माश्या करतात, आपण ज्यांना घाणीच्या माश्या म्हणून झटकतो त्यासुद्धा, आणि सोबत डंख नसलेली पोयाची माशी. त्यांतल्या कित्येकांचे घर राईतल्या ढोलीत किंवा पाचोळ्यात असते. म्हणजे राईवर उडालेला फवारा शेवटी तुमच्याच फळधारणेवर येतो. तुडतुड्यांसाठीची फवारणी मोहर फुटण्यापूर्वी उरका. फुले उमललेली असताना फवारू नका. अगदीच अडले तर सूर्यास्तानंतर, माश्या घरी गेल्यावर.

वाऱ्याकडे लक्ष द्या. किनारपट्टीवर पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो आणि दुपारी खारा वारा उलटा येतो. राई बागेच्या पूर्वेला असेल तर दुपारची फवारणी थेट तिच्यात जाते, पश्चिमेला असेल तर पहाटेची. राईलगतची शेवटची रांग हातपंपाने, नोझल बागेच्या आत वळवून, फक्त एका बाजूने फवारा. एचटीपी (उच्च दाबाच्या) पंपाचा उंच झोत त्या रांगेला नको.

प्रश्न : टाचणीवर लावलेले किडे दर पावसाळ्यात बुरशीने खराब होतात. डांबरगोळ्या ठेवूनही. (मालवण)

डांबरगोळीने बुरशी थांबत नाही. ती फार तर नमुने खाणाऱ्या बारीक भुंग्यांना दूर ठेवते. बुरशीला कोरडेपणा हाच उपाय. पेटी घट्ट झाकणाची घ्या आणि आत सिलिका जेल ठेवा. जेलचा रंग बदलला की १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरा. लाकडी कपाटात तळाशी ४० वॅटचा दिवा चार महिने जळत ठेवला की आतली हवा थोडी गरम आणि पुरेशी कोरडी राहते. दिव्याभोवती जाळी लावा आणि कागद लांब ठेवा. लागलेली बुरशी अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या मऊ ब्रशने पुसा. भुकटी पडत असेल तर भुंगे लागले आहेत. पेटी प्लॅस्टिकमध्ये बंद करून आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवा.

साधी टाचणी खाऱ्या हवेत गंजते आणि नमुना मधोमध तुटतो, स्टेनलेस स्टीलच्याच घ्या. भुंग्याला ती उजव्या पंखकवचातून टोचतात. द्रवातल्या नमुन्यांना ७० टक्के इथिल अल्कोहोल लागते, पण त्याला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना हवा. शाळेपुरते आयसोप्रोपिल चालते, फक्त त्यातल्या नमुन्यांवर पुढे डीएनएचे काम नीट होत नाही. बाटलीतली चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहा. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि लेझर प्रिंटची अक्षरे सुटून तळाला बसतात. चिठ्ठीवर गाव, राईचे नाव, अक्षांश-रेखांश, तारीख, पद्धत आणि पकडणाऱ्याचे नाव हवे. चिठ्ठी नसलेला नमुना कितीही सुंदर असो, अभ्यासाला निरुपयोगी.

प्रश्न : देवळासमोर हायमास्ट दिवा मंजूर झाला आहे. काजवे जातील का? (लांजा)

दिव्याच्या उजेडात नर-मादीला एकमेकांची चमक दिसत नाही, म्हणून जोड्या जमत नाहीत. पतंगही रात्रभर दिव्याभोवती फिरून थकतात. हायमास्टऐवजी पायवाटेला कमरेएवढ्या उंचीचे, वरून झाकलेले, पिवळसर प्रकाशाचे दिवे मागा. ते रात्री १० नंतर बंद होतील असा टायमर बसवा, आणि मे अखेरीपासून पावसाने जोर धरेपर्यंत राईकडच्या बाजूचे अजिबात लावू नका. ग्रामसभेत हा विषय दिवा बसण्याआधी न्या, खांब उभा राहिल्यावर तो काढत नाहीत.

प्रश्न : आमची राई एकाकी पडली आहे, सभोवती काजू. ती दुसऱ्या राईशी जोडायला काय लावावे? (संगमेश्वर)

दोन रायांमधल्या बांधावर आणि पऱ्ह्याच्या काठाने झाडोरा धरा. उंबर, जांभूळ, कुंभा, कुडा, करवंद, दिंडा, माकडलिंबू. बिया त्याच रायांतल्या घ्या, गावाला विचारून. उंबर एकटा लावू नका. त्याचे परागीभवन करणारी गांधीलमाशी बाहेर पडल्यावर फार तर एक-दोन दिवस जगते आणि तेवढ्यात तिला योग्य टप्प्यावरचा दुसरा उंबर गाठायचा असतो. गावशिवारात सात-आठ उंबर वेगवेगळ्या वेळी धरणारे असले की साखळी तुटत नाही. ऑस्ट्रेलियन अकेशिया आणि गुलमोहर टाळा. लवकर वाढतात, पण इथल्या फार थोड्या सुरवंटांना ते चालतात. काजूखालचे सगळे तण दरवर्षी बेणून काढण्याऐवजी एक आड एक ओळ ठेवा. रोपे जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात लावा आणि पहिली दोन वर्षे करवंदाच्या काट्यांचे कुंपण घाला. मोकाट गुरे फेब्रुवारीनंतर येतात, तेव्हा ते कुंपण जानेवारीत एकदा तपासून भरून घ्या.